आवारातला पूल

१

बारामतीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत तांबोळ्यांचं पानाचं दुकान होतं. वडील गेल्यावर समिनानं खालची गादी मामाच्या हवाली केली आणि माडीवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं. खाली कात-चुना, वर सोल्डरचा धूर. तांबोळ्याची पोरगी डबडी उघडून बसते म्हणून लोक आधी हसले, मग एकेक जण गुपचूप जिना चढायला लागला. नव्याण्णव साल संपत आलं होतं. दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात मान टाकणार, अशी आवई उठली होती. त्यामुळं पतसंस्था, दूधडेअऱ्या, खताची दुकानं, सगळीकडून बोलावणी येत होती.

तिच्या जोडीला सूरज देवकाते होता. कन्हेरीचा. त्याच्या आज्ज्यापर्यंत घरात मेंढरं होती. बापानं ती विकून विहीर पाडली आणि पोरानं विहिरीकडंही पाठ फिरवून लिनक्स धरलं. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यानं इतक्यांदा घातली-काढली होती की तिची चकाकी गेली होती. तो समिनाला ताई म्हणायचा. तिला भाऊ नव्हता, त्याला बहीण नव्हती. राखीपौर्णिमेला राखी तोच विकत आणायचा आणि तिच्यापुढं हात करायचा.

इंदापूरच्या अलीकडं आबाजी वाघमोड्यांचा पशुखाद्याचा कारखाना होता. रस्त्याला लागून कचेरी, मधे मोठं आवार आणि पार मागं नवी गिरणी. सरकीची पेंड, मका, कोंडा, वरून मळी, सगळं दळून त्याची कांडी पाडायची आणि पोती भरायची. कचेरीत कॉम्प्युटर होते, गिरणीतही होते, पण दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. अंतर इतकं की एका केबलीच्या आवाक्यात ते येईना.

“मग त्येला इलाज काय?” आबांनी विचारलं. साठी उलटलेला, आवाज न चढवता माणसं हलवणारा गडी.

“मधे एक पूल बांधू, आबा,” समिना म्हणाली.

“शिमिटाचा?”

सूरजला हसू आवरेना. समिनानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. “आवाराच्या मधोमध तुमची काट्याची जुनी खोली आहे ना, तिथं एक जुना कॉम्प्युटर ठेवायचा. त्याला दोन कार्डं. एकात कचेरीची केबल, दुसऱ्यात गिरणीची. तो दोन्हीकडचं सगळं बोलणं ऐकतो. अलीकडची हाक पलीकडं पोचवतो, पलीकडची अलीकडं.”

“आन कोण कुठं ऱ्हातं हे त्येला कळतं कसं?”

“ज्या बाजूनं हाक आली, त्या बाजूचा माणूस. दुसरं काही तो विचारत नाही.”

“लई भोळा म्हणायचा,” आबा म्हणाले आणि काट्याच्या खोलीची किल्ली त्यांनी टेबलावर सरकवली.

२

गाड्यांचा काटा कधीच नवीन फाटकाशी हलवला होता. खोली तेवढी उरली होती. दोन बाजा टाकल्या तर चालायला जागा राहणार नाही, एवढीच. दोन खिडक्या समोरासमोर. एकीतून कचेरी दिसायची, दुसरीतून गिरणीचं मोठं दार आणि त्यातून बाहेर लोळणारी पिवळट धूळ.

लिनक्समध्ये असा पूल बांधायची सोय तेव्हा नवी होती, कच्ची होती. सूरजनं त्यासाठी पुण्याच्या मित्राकडून फ्लॉपी आणली, गाभाच नव्यानं बांधून घेतला, दोन्ही कार्डं एका पुलात ओवली. कार्डांना स्वतःचा पत्ता द्यायचा नाही, फक्त कान उघडे ठेवायचे. पुलानं ओळखलेली यंत्रं पडद्यावर ओळीनं दिसत. खरं तर तिथं कार्डांचे लांबलचक नंबर यायचे, पण सूरजनं त्यांच्या जागी माणसांची नावं येतील अशी युक्ती केली होती. आबा, अलीकडे. राम, अलीकडे. झुंबर, पलीकडे. पडताळणीसाठी दुकानातून आणलेला एक कॉम्प्युटर खोलीतच कचेरीच्या केबलीला जोडला होता. त्याचं नाव समिना, अलीकडे.

राम म्हणजे कचेरीतला ऑपरेटर. मऊ माणूस. अंगावर कुत्रं आलं तरी ‘जा बाबा’ म्हणणारा. झुंबर गिरणीत माल भरून घ्यायचा, त्याचं सगळं बोलणं ओरडून. दोघांनी एकमेकांना पडद्यावरून राम राम घातला तेव्हा आवारात टाळ्या वाजल्या. आबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहाचा कप हातात असतानाच समिनाचं लक्ष पडद्याकडं गेलं.

राम, पलीकडे.

तिनं खिडकीतून पाहिलं. राम कचेरीत त्याच्या टेबलाशी बसला होता, बशीत चहा ओतून फुंकर घालत होता.

“सूरज, गिरणीच्या केबलीला कुठं गाठ मारलीस का? वळसा बसलाय, हाक फिरून पलीकडून येतेय.”

“वळसा कसा बसंल ताई? सरळ केबल हाय.”

वळसा नसेल तर जुळी कार्डं. स्वस्तातल्या मालात एकाच नंबरची दोन कार्डं निघतात, हे तिनं ऐकलं होतं. तिनं सूरजला नंबर पुन्हा पडताळायला लावले. जुळं एकही नव्हतं. तिनं खिडकीतून ओरडून रामला कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. त्यानं मान डोलावली, बटण दाबलं आणि बंद झाला अशी हातानं खूण केली.

ओळ तशीच राहिली. राम, पलीकडे. आणि गिरणीच्या बाजूच्या कार्डाचा हिरवा दिवा उघडमीट करत होता. त्या बाजूनं कुणीतरी सारखं बोलत होतं. एवढं बोलण्यासारखं झुंबरच्या यंत्रात काहीच नव्हतं.

“जुनी ओळख विसरला नसेल अजून,” ती म्हणाली. पण आवाज येत असेल तरच ओळख टिकते, हे तिलाही ठाऊक होतं आणि सूरजलाही.

३

गिरणीची मोटर बंद पडली. एरवी कानात बसलेली घरघर एकदम गेली आणि तिच्याखाली दबलेली किंकाळी वर आली.

हमालांनी झुंबरला बाहेर आणलं तेव्हा समिनाला आधी कळेना की ते त्याच्याबरोबर पोतं का उचलून आणतायत. मग दिसलं. पोती ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या उजव्या तळहातातून आरपार गेला होता आणि खालच्या पोत्यात रुतला होता. हात सुटेना म्हणून पोत्यासकट आणला होता. नाक चेहऱ्यात बसलं होतं. एक कान अर्धा लोंबत होता. पोत्याच्या तोंडातून कांडी गळत होती आणि रक्तात भिजून फुगत होती.

“कुणी केलं रं?” आबा धावत आले.

झुंबर थुंकला. दात पडला. “राम्यानं.”

आवारात सगळे वळले. राम कचेरीच्या पायरीवर उभा होता, हातात बशी तशीच.

“मी?” तो म्हणाला. “आबा, मी हितंच हाय की.”

“तूच रं!” झुंबर ओरडला, पण ओरडण्यात राग नव्हता, भीती होती. “मागनं आलास. कोंड्याच्या खोलीतनं. मी म्हणलं, काय रामभाऊ? तर बोलला न्हाईस. आकडा घातलास आन हसत बी न्हवतास. धान्य निवडावं तसं मारत हुतास!”

आबांनी झुंबरच्या थोबाडीत मारायला हात उचलला. दारू प्यायलाय, असं त्यांना वाटलं असावं. मारायला त्या तोंडावर जागा नव्हती म्हणून हात खाली आला.

“आबा,” समिना पुढं झाली, “रामभाऊ कचेरीतच होते. मी खिडकीतून बघत होते. सारखी बघत होते.”

“व्हय,” कचेरीतले सगळे म्हणाले.

झुंबरची डावी मूठ आवळलेली होती. आकडा कापून हात सोडवताना त्याला शुद्ध राहिली नाही आणि मूठ आपोआप उघडली. आत शर्टाचा फाटलेला खिसा होता. फिकट निळा, कोपऱ्यात शाईचा डाग, डागापाशी अडकवलेलं पेन.

समिनानं रामकडं पाहिलं. त्याच्या अंगात फिकट निळा शर्ट होता. खिसा जागच्या जागी होता. कोपऱ्यात शाईचा डाग होता. आणि पेनही होतं.

रामलाही ते दिसलं. त्यानं बशी पायरीवर ठेवली, हळूच, फुटू नये म्हणून. मग तो कचेरीच्या भिंतीशी जाऊन ओकला.

आबांनी तो चिंधीचा तुकडा उचलून कुणाला काही न बोलता आपल्या खिशात घातला.

समिना काट्याच्या खोलीत परतली. ओळ बदलत होती. राम, पलीकडे. राम, अलीकडे. राम, पलीकडे. जिना चढ-उतर करणाऱ्या माणसासारखी. ती पलीकडे असताना तिनं पूल बंद केला. ठरवून केलं असं तिला तेव्हा वाटलं नाही. बोट गेलं, एवढंच.

कोंड्याची खोली हमालांनी पालथी घातली. मागं एक दार, तेही बाहेरून अडसर लावलेलं. आत कोंड्यावर पावलं उमटली होती. भिंतीपासून निघालेली आणि भिंतीशी संपलेली.

४

समिना सूरजला घेऊन बारामतीला लागून असलेल्या जळोचीच्या घरी पोचली. लैला, तिची आई, अंगणात वाळवण गोळा करत होती. तिनं दोघांची तोंडं पाहिली आणि आधी पाणी दिलं.

“भांडण झालं का कुणाचं?”

“कारखान्यात मारामारी झाली, अम्मी.”

“मग तिकडं पुन्हा जाऊ नको.”

“मारामारीचा आमच्या कामाशी काय संबंध?” समिना म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला तेच खरं वाटायला लागलं. रामचा एखादा भाऊ असेल. जुनं वैर असेल. सारखा शर्ट तर बाजारात शंभर जणांच्या अंगात. डाग? डाग झुंबरच्या रक्ताचा असेल, निळ्यावर काळा दिसला असेल. एकेक वीट रचत तिनं भिंत उभी केली. भिंत चांगली झाली होती. फक्त ती कोंड्यातली पावलं त्या भिंतीतून आत जात होती.

“सूरज, तू काय म्हणतोस?”

“कार्डं बदलून बघू,” तो म्हणाला. “दोन्ही नवी घालू. मग बी तसंच झालं तर पूल मोडून टाकू, आबांची माफी मागू. पण न बघता पळालो असं नको ताई. माझं काम हाय ते.”

त्याची मान ताठ होती. समिनाला त्याचा अभिमान वाटला. पुढं किती वर्षं त्याच अभिमानानं तिची झोप खाल्ली.

५

दुसऱ्या दिवशी राम आला नव्हता. त्याची बायको सारजा फाटकावर सांगून गेली की ते अंथरुणातनं उठत न्हाईत, आरसा समोरनं काढा म्हणतात. झुंबर इंदापूरच्या दवाखान्यात होता. गिरणी मात्र चालू होती. गाड्या उभ्या होत्या, जनावरं काही थांबत नाहीत.

सूरजनं नवी कार्डं बसवली. पूल उठला. ओळी आल्या, सगळ्या जागच्या जागी. दोघं पडद्याकडं बघत राहिले. काही बदललं नाही. गाड्या भरल्या, गेल्या. समिना खुर्चीत मागं टेकली.

“बघा!” सूरज म्हणाला. “कार्डंच नासकी हुती.”

“पलीकडच्या टोकाची टोपी तेवढी बदलून ये,” ती म्हणाली. केबलीच्या शेवटाला एक पितळी टोपी बसवतात, नाहीतर आवाज टोकावर आपटून माघारी येतो. “मग सोडू आपण.”

जेवणाची सुट्टी झाली होती. गिरणी थांबली, हमाल सावलीला गेले. सूरज पक्कड घेऊन शीळ घालत आवार ओलांडून गेला. मोठ्या दारातल्या धुळीत तो आधी करडा झाला, मग दिसेनासा.

समिना आपल्या कॉम्प्युटरवरून पलीकडं हाका पाठवत बसली. जात होत्या, उत्तरं येत होती. तिनं सवयीनं मान वळवून पुलाच्या पडद्याकडं पाहिलं.

समिना, पलीकडे.

तिची बोटं अजून कळफलकावर होती. तिनं ती उचलली, मांडीवर ठेवली. हाका थांबल्या. तिच्या यंत्राकडून आता एक अक्षर जात नव्हतं. गिरणीच्या बाजूचा हिरवा दिवा उघडमीट करत होता.

“अरे, ताई? तुमी कशाला आलात?” आवारापलीकडून सूरजचा आवाज आला. लांबून, पण स्वच्छ. आनंदी. “झालंच हे, दोन मिनटं...”

मग थप्प असा आवाज. ओल्या पोत्यावर फळी मारल्यासारखा.

“ताई!”

पुन्हा थप्प.

“समिनाताई, नका! ताई, मी हाय! सूरज हाय मी!”

ती खुर्चीत होती. तिला आपले गुडघे दिसत होते, मांडीवरचे हात दिसत होते, नखात अडकलेली धूळ दिसत होती. तो आवारापलीकडं तिची विनवणी करत होता.

“मारू नका ताई... ताई, तुमच्या पाया पडतो...”

फटक्यांना लय होती. घाई नव्हती. कुणीतरी काम करत होतं.

धावत जावं की पूल तोडावा, या दोन गोष्टींमध्ये तिचा जो क्षण गेला, तो तिनं नंतर हजारदा मोजला. ती पुलाकडं वळली. ओळ बदलत होती. पलीकडे. अलीकडे. पलीकडे. काल ओळ पलीकडे असताना पूल बंद केला होता हे तिला आठवलं नाही, नीट विचार करायला कुणाला सवड असते? अलीकडे असं दिसलं आणि तिला हायसं वाटलं. अलीकडे म्हणजे मी. मी इथं आहे. त्याच क्षणी तिनं गिरणीची केबल दोन्ही हातांनी धरून उपटली.

हिरवा दिवा विझला. फटके थांबले.

६

गिरणीत धुळीचा पडदा होता आणि कोंड्याच्या खोलीचं मागचं दार सताड उघडं होतं. काल झडतीत काढलेला बाहेरचा अडसर कुणी परत लावला नव्हता. त्या दाराच्या उजेडात एक बाई बाहेर चालली होती. पाठमोरी. डोक्यावरून ओढणी सारखी करत, बाजार आटोपून निघाल्यासारखी. धुळीनं डोळे चुरचुरत होते. समिनानं ते चोळले तेवढ्यात दार रिकामं झालं. कुणी मजूरबाई असेल, असं तिच्या मनात आलंही. मग तिला सूरज दिसला आणि दुसरं काही दिसलं नाही.

तो पोत्यांच्या थप्पीशी पडला होता. शेजारी तराजूचं लोखंडी वजन होतं आणि त्याला कातडी चिकटली होती. जबडा एका बाजूला सरकला होता. उजवा डोळा होता तिथं काहीतरी लाल, मऊ, मिटत नसलेलं. पण तो जिवंत होता. श्वास घेताना त्याच्या घशात बुडबुडे फुटत होते.

“सूरज!” ती गुडघ्यांवर कोसळली.

त्याच्या उरल्या डोळ्यानं तिला पाहिलं. आणि तो, ज्याला हात उचलता येत नव्हता, कोपरांवर रेटत मागं सरकायला लागला. तिच्यापासून. कांड्यांमध्ये रक्ताचा पट्टा ओढत, भिंतीला पाठ लागेपर्यंत. भिंत आल्यावरही पाय झाडत राहिला.

हमाल आले. त्यांच्याकडं पाहून सूरजनं बोट उचललं. ते समिनाकडं होतं.

जीपमध्ये त्यानं तिला चढू दिलं नाही. ती जवळ गेली की त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघायचा. हमाल तिच्याकडं बघत होते, तिच्या हातांकडं. एकानं पहार उचलली होती.

“मी काट्याच्या खोलीत होते,” ती म्हणाली. “आबा, देवाशपथ.”

आबांनी खिशातून कालचा चिंधीचा तुकडा काढला, हमालांपुढं धरला आणि परत ठेवला. “पहार खाली ठेव,” ते म्हणाले. मग तिला हळूच: “मला म्हाईत हाय, पोरी.”

सूरज वाचला. त्याचा जबडा तारेनं बांधला, एक डोळा गेला. पोलिसांना त्यानं लिहून दिलं की वजन अंगावर पडलं. त्यानंतर बारामतीच्या गर्दीत समिना लांबून दिसली तरी तो मिळेल त्या दुकानात शिरायचा. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी जीप गेल्यावर समिना एकटीच मागच्या दारातून बाहेर पडली. तोंडावर वारा हवा होता. मागच्या फाटकावर सावळाराम नावाचा म्हातारा पहारेकरी बिडी ओढत होता. तिला पाहून त्याची बिडी ओठातच राहिली.

“म्याडम? तुमी मघाशी गेलात न्हवं?”

“कुठं?”

“हे काय, हितनंच. म्या विचारलं, हाताला काय लागलंय? बोलला न्हाईत. बारामतीच्या वडापच्या जीपात बसलात की माझ्या समोर.”

समिना उन्हात उभी राहिली. तिला ओळ दिसली. अलीकडे. ती ओळ आपल्याबद्दल आहे असं तिला वाटलं होतं. ती दुसरीची होती, आणि ती अलीकडे असतानाच पूल तुटला होता, तिला परतायची वाट उरली नव्हती.

“आबा!” ती ओरडत परत फिरली. “गाडी द्या! आबा, गाडी!”

७

आबांच्या ड्रायव्हरनं दुसरी जीप काढली. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. तिथं समिना खाली उतरून बैलांपुढं ओरडत धावली, तेव्हा कुठं वाट झाली. वडाप किती पुढं असेल याचा अंदाज ती बांधत होती आणि बांधलेला मोडत होती.

जळोचीच्या घराच्या अंगणात अजून ऊन होतं. शेजारची चंद्राबाई कुंपणाला धरून उभी होती. समिना जीपमधून उतरली तसं तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

“तू आत हायस न्हवं? मघाशी आलीस. हाक मारली तर बघितलं बी न्हाईस. आन मग आत... अगं, लैलाभाबी ओरडत हुती...”

दार बंद होतं. समिनानं त्यावर दोन्ही मुठी आपटल्या. “अम्मी! अम्मी, दार उघड!”

आत काहीतरी जड फरशीवरून ओढल्यासारखं वाजलं. मग कडी निघाली.

लैला दारात उभी होती. कपाळाची चामडी फाटून भुवईवर आली होती, बांगड्या फुटून मनगटात रुतल्या होत्या. हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. बत्त्याला काळे लांब केस चिकटले होते. तिनं समिनाला पाहिलं आणि बत्ता वर उचलला.

“तू कोण?”

“अम्मी, मी. समिना.”

“कुठनं आलीस?”

“इंदापूरहून.”

“तीबी तेच म्हणाली.”

आपल्या दोघींनाच माहीत असलेलं काहीतरी सांगावं म्हणून समिनानं तोंड उघडलं. पण जे तिला माहीत होतं ते आतल्या तिला माहीत नसेल, असं काय होतं? तिला एकही गोष्ट सुचली नाही. बत्ता डोक्यावर होता. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“तुझं डोकं फुटलंय गं. बस ना आधी. बस.”

लैलाचा हात वरच राहिला. ती लेकीकडं बघत राहिली. मग तो हात हळूहळू खाली आला आणि दुसरा पुढं झाला. तिनं समिनाचा गाल चाचपला, कान चाचपला, बाजारात कापड बघावं तसा.

“पायरीवर बस,” ती म्हणाली. “आत बघायचं न्हाय.”

पण लैलाच्या खांद्यामागं दार उघडंच होतं. आत फरशीवर एक पाऊल दिसत होतं. पालथं पडलेलं, अनवाणी, कोंड्यानं माखलेलं. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. समिनानं नकळत आपली, अगदी तशीच, पावलं सलवारीत ओढून घेतली.

ते पाऊल हललं. टाच वळली. बोटांनी फरशी चाचपून आधार शोधला.

“अम्मी,” आतून आवाज आला.

लैलानं डोळे मिटले. उघडले. एकदा मागं वळून पाहिलं, एकदा पायरीवरच्या लेकीकडं. मग तिनं पदर कमरेला खोचला.

“कान झाक,” ती म्हणाली आणि आत गेली. कडी आतून लागली.

“अम्मी, मी आहे गं,” आतली रडत म्हणाली. “बाहेर बसलीय ती मी नाही. अम्मी, माझ्याकडं बघ... अम्मी, लागतंय...”

पहिला घाव बसला. चंद्राबाई मटकन खाली बसली. जीपच्या ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. समिनानं कान झाकले नाहीत. घाव मोठे होते, मधे मधे थांबत होते, आणि प्रत्येक उसंतीत आतली तिची मुलगी आईला हाक मारत होती. लहानपणी ताप आला की मारायची तशी, शेवटचं अक्षर लांबवून. मग हाक नुसतीच उरली, शब्द गेला. मग तीही गेली.

घर गप्प झालं. लैला बाहेर येईना. समिनाला दार वाजवायचं होतं, अम्मी अशी हाक घालायची होती. हाक ओठांपर्यंत आली. पण आपला आवाज ऐकायची तिला इतकी भीती वाटली की तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि ऊन उतरेपर्यंत ती पायरीवर तशीच बसून राहिली.